हवेची नोंदवही

मालवणजवळच्या आमच्या आचऱ्यात लोक हवा खायला येतात. त्याच हवेच्या जिवावर आम्ही आयुष्यभर मुंबईकरांना टोमणे मारत आलो. त्यामुळे शिमगा सरल्यावर एके दिवशी, घरात हवा शुद्ध करायचं मशीन आणणार, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको हसली आणि हसता हसता खोकायला लागली.

"लोक हयसर हवा खावक येतत," दम लागलेला असतानाही ती म्हणाली, "आणि तुमी ती गाळूक मशीन आणतास?"

तिचा हा खोकलाच सगळ्याचं कारण होता. दोन वर्षं झाली होती. आधी थंडीपुरता होता, मग बारमाही झाला. विहिरीच्या पायऱ्या चढून आली की ती खांबाला धरून उभी राहायची, आणि मी बघतोय असं दिसलं की खांबावरचं जळमट काढायला थांबल्यासारखं करायची. मालवणच्या डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला, धूर नि धुळीपासून जपा म्हणून सांगितलं. डोंबिवलीच्या मुलाने फोनवर निकालच लावून टाकला. "बाबा, मे म्हयन्यात मी येतंय. तवसर आईक बरा वाटला नाय तर मी तिका घेवन जातलंय. कायमची."

त्या संध्याकाळी बायकोने अबोलीच्या झाडांना दोनदा पाणी घातलं. चाळीस वर्षांत आम्ही भांडलो नाही असा दिवस नाही, पण भांडायला ती समोर नाही असं घर मला नको होतं.

मी तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. अडचण आली की अर्ज करायचा नाहीतर खरेदी करायची, एवढंच आम्हाला सुचतं. मालवणच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, सगळ्यात मोठं मशीन दाखवा. दुकान चालवणारी बाई माझ्या सुनेच्या वयाची, पण उतावळी नव्हती. तिने आधी मला बसवलं, पाणी दिलं.

"काका, तुमच्या हवेत नेमका काय आसा? धूर, धूळ, की बुरशी?"

"काय्येक नाय," मी छाती काढून म्हटलं. "आमची हवा एक नंबर."

"मगे मशीन कित्याक व्हया?"

मी बायकोचा खोकला सांगितला. मग तिने शांतपणे समजावलं. बारीक धुळीला घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर लागतो, धुराला आणि वासाला कोळशाचा थर लागतो, आणि पावसाळ्यातल्या बुरशीला तर आधी खोलीतली ओलच काढावी लागते. जे हवेत असेल त्याप्रमाणे फिल्टर. शिवाय खोली बंद हवी. आमचं घर कौलारू, वासे आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट, हे ऐकल्यावर ती हसली. "मगे ह्या मशीन अख्ख्या आचऱ्याची हवा साफ करीत बसतला."

शेवटी तिने मशीन विकलंच नाही. गजराच्या घड्याळाएवढा हवा मोजायचा एक डबा दिला, आठ दिवसांपुरता. हवा चांगली असली की दिवा हिरवा, बिघडली की पिवळा, फारच बिघडली की लाल. कधी काय होतं ते लिहून आणा, मग फिल्टर ठरवू, असं म्हणाली.

लिहायचं म्हटल्यावर माझ्या अंगात कचेरी संचारली. डबा झोपायच्या खोलीत फळीवर ठेवला, वहीत रकाने आखले. दिनांक, वेळ, रंग, आणि शेवटचा रकाना 'संशयित'. सकाळची नोंद बायकोकडे दिली, कारण ती पाचला उठते आणि मी साडेसहाला, आंघोळीचं पाणी कढत झाल्यावर. बाकी दिवसभर मी त्या डब्याच्या राखणीला.

पहिला संशय चिऱ्यांच्या ट्रकवर. रस्त्याने लाल धूळ उडवत ते गेले की मी धावत खोलीत जायचो. दिवा हिरवाच. मग डबा घेऊन मी किनाऱ्यावर सुकट वाळत घातली होती तिथवर गेलो. नाक फाटायची वेळ आली, पण दिवा हिरवा. घरी बांगडे तळताना मात्र तो पिवळा झाला, तेव्हा बायको म्हणाली, "ह्या डब्याक माशाचो वास सोसना नाय. तेका पयलो परत करा."

पण सकाळच्या नोंदीत रोज तिच्या गोल अक्षरात एकच शब्द यायचा, लाल. संशयिताच्या रकान्यात तिने लिहिलेलं असायचं, धुकं.

धुक्याने दिवा रोज लाल होतो हे मला काही पटेना. मला शेजाऱ्याचा संशय होता. तो पातेरो जाळतो, म्हणजे बागेतला पालापाचोळा. पहाटे कोणी उठायच्या आत उरकत असणार, असं मी धरून चाललो आणि सहाव्या दिवशी कुंपणावरून त्याला सुनावलं. तो बिचारा दात घासत होता. "रे, पातेरो मी सांजचो जाळतंय. आणि वारो बघ खंय जाता तो. तुझ्याकडे धूर येवचो खंयसून?" मी म्हटलं, उद्या पुराव्यानिशी बोलतो.

सातव्या दिवशी पाचला उठलो. बायको आधीच उठून गेली होती. डबा हिरवा होता. मी अंधारात खाटेवर दबा धरून बसलो. थोड्या वेळाने दिवा पिवळा झाला, मग लाल, आणि धुराचा वास आला. मी मागच्या दाराने तावातावाने बाहेर पडलो तो शेजाऱ्याच्या बागेत सगळं शांत. धूर आमच्याच न्हाणीतून निघत होता आणि भिंतीवरच्या फटीतून सरळ आमच्या खोलीत शिरत होता.

न्हाणीच्या दारात जाऊन बघतो तर बायको चुलीपुढे उकिडवी बसून नारळाच्या ओल्या सोडणांवर, म्हणजे सालांवर, फुंकणीने फुंकर मारत होती. वर माझ्या आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा हंडा. दोन फुंकरींच्या मध्ये ती पदराचा बोळा तोंडात धरून खोकत होती, आवाज माझ्या कानावर जाऊन मी जागा होऊ नये म्हणून.

तो हंडा माझा हट्ट. मुलाने मागल्या दिवाळीत पाठवलेला गिझर मी खोक्यासकट माळ्यावर टाकला होता. त्याचं पाणी अंगाला लागत नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला माझीच इतकी लाज वाटली की दारातच बसलो.

"तुका ठावक होता?" मी विचारलं.

"डबो लाल जाता तो रोज बघतंय मां."

"मगे सांगूक काय झाला?"

"सांगल्यार तुमी थंड पाण्यान न्हाला असतास? आणि मगे दिवसभर तुमची करकर कोणी आयकली असती?" तिने फुंकणी खाली ठेवली. "मी डोंबिवलीक गेलय तर तुमका पाणी कोण तापवतला, ह्योच इचार करी होतंय."

माझे डोळे भरून आले, आणि ते धुराने नव्हते. काहीतरी करायचं म्हणून मी बादली उचलून चुलीत ओतली. त्याने असा काही धूर उठला की दोघंही खोकत अंगणात पळालो. "निखारे आधी बाजूक काढूचे असतत," ती म्हणाली, "इतक्या पण समजणा नाय तुमका."

आठव्या दिवशी संशयिताच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि वही दुकानात नेली. ती बाई पोट धरून हसली. म्हणाली, "काका, तुमका मशीन नको. पावसात भिंतीक बुरशी इली तर येवा." त्याच दिवशी वायरमनला बोलावून गिझर खाली उतरवला आणि न्हाणीत बसवला. दुसऱ्या दिवशी बायको साडेसहापर्यंत झोपली आणि उठल्यावर उगाच माझ्यावर ओरडली, उठवलं नाही म्हणून. शेजाऱ्याची मी माफी मागितली, पण त्याने अजून चेष्टा सोडलेली नाही.

मे महिन्यात मुलगा आला. खोकला अगदी गेलाय असं नाही, पंप आहे, पण डॉक्टर खूश आहेत. मुलगा पडवीत बसला असताना ती विहिरीवरून कळशी घेऊन वर आली, खांबाला हात न लावता त्याच्यासमोरून सरळ स्वयंपाकघरात गेली. तो बघतच राहिला. मशीन आणणार हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं.

"बाबा, शेवटी खंयचो फिल्टर घेतलास?"

"नवो घेवक नाय," मी म्हटलं. "घरात एक जुनो होतो. चाळीस वर्सां सगळो धूर तोच ओढी होतो. तेका सुट्टी दिलंय."

जुना फिल्टर शोधत मुलगा माळ्याकडे बघायला लागला. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग बायकोने दाराशी येऊन मला विचारलं, "गिझराचा पाणी आता आंगाक लागता मां?"

"लागता," मी म्हटलं.