शेवटचे दहा रकाने

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. आई म्हणते, ही पोरगी देवाकडेही पुरावा मागेल. तरी लिहितेय, कारण पाच महिने झाले, हे डोक्यातून जात नाही.

मी जळगावची, कॉम्प्युटरचं काम करते. इथल्या एका रक्तपेढीच्या जुन्या फाइली नव्या डेटाबेसमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. फाइल म्हणजे काय... एका रक्तदात्याची एक लांबलचक ओळ, अक्षराला अक्षर चिकटलेलं. नाव कुठे संपतं, गाव कुठे सुरू होतं, ते फाइलीत लिहिलेलंच नाही. ते ठाऊक फक्त जुन्या प्रोग्रामला, आणि तो लिहिणाऱ्या नानांना. नाना रिटायर होऊन भडगावला असतात. त्यांनी दिलेल्या पिवळ्या कागदावरून मी रकाने मोजत बसायचे, एका अक्षराला एक रकाना. शेवटचे दहा रकाने – रिकामे, असं त्यावर लिहिलेलं. आपल्याकडे मोबाईल यायच्या आधीच पेढीचं ते जुनं मशीन बंद पडलं होतं, आणि या फाइलींची टेप तेव्हापासून कपाटात.

त्या मंगळवारी सकाळी माझा प्रोग्राम अडला. हजारो ओळींत एकाच ओळीचे शेवटचे दहा रकाने भरलेले निघाले. टेपवरचा कचरा असेल, म्हणून मी चिडून ती ओळ बाजूला टाकली आणि चहाला गेले.

परत आले तर तिथले टेक्निशियन सुभाषभाऊ हातपाय गाळून बसलेले. त्यांची लेक धुळ्याला बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. गट बॉम्बे – शोधून सापडत नाही असा, आणि त्या माणसाला दुसऱ्या गटाचं रक्त चालतच नाही. आयुष्यभर लोकांना रक्त शोधून देणारा माणूस मला म्हणाला, "ताई, तुमच्या त्या जुन्या फाइलीत बघा ना."

मी शोधलं. एकच नाव निघालं. गाव सोनगीर. फोन पाच आकडी, केव्हाच बंद. आणि ओळ तीच, सकाळी बाजूला टाकलेली! मग मी शेवटचे रकाने नीट वाचले... दहाच्या दहा आकडे. मोबाईलचा नंबर असतो तसे.

भाऊंनी तो लावला. शेतातून एका माणसाने उचलला. नाव तेच, गट तोच. "येस मी लगेच," तो अहिराणीत म्हणाला, "पन हाऊ नंबर तुमले कोनी दिधा? आठच दिन झायात हाई सिमकार्ड लिधं."

तासाभरात तो मोटरसायकलवर धुळ्याला पोचला. त्याच्या एका पिशवीवर लेक तगली, पुढचं रक्त मुंबईहून आलं. नात आता पालथी पडते, भाऊ सगळ्यांना फोटो दाखवत हिंडतात. त्या दिवशी मला हात जोडावेसे वाटले, पण कोणाला ते कळेना.

मी काही स्वस्थ बसणारी नाही. टेप तीनदा वाचली, दुसऱ्या मशीनवरही. आकडे तिथेच. शेवटी भडगावला गेले, नानांना सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या काळी फोन पाच आकडी, मग जागा नेमकी दहाची का सोडली?

नानांनी तो पिवळा कागद माझ्या हातातून घेतला.

"काय माहीत, बेटा. पुढे कोणाला काही लागलं तर असावी, म्हणून सोडली होती."

नव्या डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याला नाव द्यावं लागतं, आणि आत काय आहे त्याचं वर्णन. बाकीचे सगळे मी भरले. त्या दहा आकड्यांच्या एका रकान्याचं वर्णन तेवढं अजून कोरं आहे. रोज उघडते, बघते, आणि तसंच बंद करते.