लिंबाखालचे मास्तर

बोट ओठांवर ठेवून आमचे इंग्रजीचे मास्तर म्हणायचे, "नाव घ्यायचं नाही!" आम्ही दोघं भाड्यानं एका खोलीत राहत होतो, त्यामुळे मला हे दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागे.

नागपूरहून आणलेल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकात त्यांना सातशे वर्षांमागचा एक इटालियन कवी सापडला होता. मोजक्या कविता, बाकी माहिती शून्य. त्याचं नाव पांढरकवड्यात कुणाला धड उच्चारता येईना. तो एका बाईंवर प्रेम करी, पण लांबून. काही मागायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, अशी त्या काळच्या प्रेमाची रीत.

मास्तरांनी ही रीत मनावर घेतली. सरकारी दवाखान्यासमोर एक कडुलिंब होता. रोज संध्याकाळी नर्सबाई घरी निघेपर्यंत हे त्याखाली उभे. गावाला सगळं दिसत होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण कुणाला दिसत नाही अशी त्यांची खात्रीच असते.

ट्रक दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या अंगणात मुशायरा भरे. बायका ओसरीत बसत. एकदा मास्तरांनी त्या कवीची ओळ मराठीत करून वाचली: "तिच्या वाटेवर मी झाड होऊन उभा आहे."

अंगणात एकच हशा आणि 'वाह वा' उठली.

"माझी नाही हो, एका इटालियन कवीची आहे!" मास्तर कळवळून म्हणाले.

"शायर लाजला का दुसऱ्याचंच नाव सांगते, मास्तर," उस्ताद म्हणाले. "आमच्यात हे रोजचंच हाय. पन इटली? लय दूर गेले तुमी!"

ओसरीतल्या नर्सबाईंनी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या रस्ता ओलांडून सरळ लिंबाखाली आल्या.

"तुमच्या त्या कवीले सांगा, माही नेरले बदली झाली. झाडाले पाय नसतात, मानसाले असतात."

मास्तरांनी खोलीवर येऊन तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. "आता कवीनं काय करावं?"

"कवी कधीच मेला," मी वैतागून म्हणालो. "तुम्ही जिवंत आहात. जा आणि विचारा!"

गेले, आणि विचारलंही.

लग्नात बायकांनी त्यांना घेरलं. "नाव घ्या, नाव घ्या!" मास्तर घामाघूम. सवयीनं त्यांचा हात ओठांकडे निघाला. पण हात अर्ध्यावरून खाली आला आणि ते वर्गात हजेरी घेतात तसे खणखणीत म्हणाले, "सुमन!"

"हा कोणता उखाना? दुसरी ओळ कुठी हाय?" बायका ओरडल्या. नवरी पदरात तोंड लपवून हसत होती.

त्यांनी नेरच्या शाळेत नोकरी मिळवली आणि बिऱ्हाड हललं. खोली मला एकदम मोठी वाटू लागली. त्यांची फार आठवण येई.

उस्ताद आजही म्हणतात, तो कवी मास्तरांनीच रचला. मी वाद घालत नाही. पण त्या बिचाऱ्याच्या बाईंचं नाव सातशे वर्षांत कुणाला कळलं नाही, आणि आमच्या मास्तरांच्या बाईंचं नाव भर मांडवात सगळ्या गावानं ऐकलं.

संध्याकाळी दवाखान्यावरून जातो. लिंबाखाली कुणी नसतं. बरं वाटतं.