दोन्ही बाह्या उजव्या

नवरा टेलर मास्तर, म्हणून ती मास्तरीणबाई. तो गेल्यावर ते नाव तिने स्वतःच्या कात्रीवर टिकवलं. दुकानात काज-बटणं आणि टोमणे ही दोन्ही खाती नणंदेकडे.

एका निवृत्त मुख्याध्यापिकेने आपल्या दिवंगत नवऱ्याचा लांब लोकरी कोट आणून दिला होता. “मला बसेल असा करून दे. हे कापड पुन्हा मिळायचं नाही, माणूसही नाही,” एवढंच त्या बोलल्या. जुन्या बाह्या कोपरांवर विरल्या होत्या, म्हणून नव्या बाह्या कोटाच्या घेरातून काढायच्या. कापड जेमतेम.

मास्तरीणबाई घाबरणाऱ्यातली नव्हे. पण गिऱ्हाइकं फोनवर निरोप धाडू लागल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोणी गळ्याचा फोटो पाठवी, कोणी ‘झालं का?’ विचारी, आणि उत्तराला जरा उशीर झाला की नुसतं प्रश्नचिन्ह. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती. फोन गप्प पडला असला तरी तिला वाजल्यासारखा वाटे.

“वहिनी, पोटच्या पोराकडेही एवढं बघितलं नाहीत,” नणंद म्हणे.

“त्याने एवढ्या हाका कुठे मारल्या?”

जाड लोकर एकेरीच कापावी लागते. एक बाही कापली की कागदाचा नमुना उलटा ठेवायचा आणि दुसरी कापायची. हे तिला झोपेतही चुकलं नसतं. पण पहिली बाही सुटी झाली आणि फोन थरथरला. तिने कात्री ठेवली, कोणाला तरी ‘उद्या नक्की’ असं कळवलं, परत आली, कागद होता तसाच सरकवला आणि दुसरी बाही कापून मोकळी झाली.

नणंदेने दोन्ही बाह्या शेजारी धरल्या. “वहिनी, बाईंना दोन्ही हात उजवेच आहेत का हो?”

मास्तरीणबाईने उरलेलं कापड चाचपलं; तिसरी बाही निघण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात फोन पुन्हा उजळला. तिने तो उचलून बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबलं.

“कायमचा बंद करा तो.”

“कायमचा कशाला? धंदा त्याच्यावरच येतो. आणि कात्री माझ्या हातात होती, वन्सं, त्याच्या नव्हे. पण यापुढे कात्री हातात असेस्तोवर हा डब्यात. काम आवरलं की एकदाच बसून सगळ्यांना उत्तरं देईन.”

“तोवर गिऱ्हाईक पळालं तर?”

“पळू दे. दोन उजव्या बाह्या घालून तर पळणार नाही!”

मग तिने जुनी डावी बाही पुढ्यात ओढली. कोपर गेलं होतं, पण खांद्याकडचा भाग शाबूत होता. कोपराखाली डावं-उजवं असं फारसं काही नसतंच. वरचा भाग जुन्या बाहीचा, खालचा चुकलेल्या बाहीचा, मध्ये स्वच्छ जोड. पण एकाच हाताला जोड दिसला की ठिगळ वाटतं. म्हणून तिने धड असलेली उजवी बाहीसुद्धा कोपराशी कापली आणि तस्साच जोड घातला. डब्यात फोन कुरकुरत होता. तिचा हात तिकडे वळला नाही.

मुख्याध्यापिका आल्या, तेव्हा कोट हातात द्यायच्या आधीच तिने सांगून टाकलं, “कापताना माझं लक्ष फोनकडे गेलं आणि बाही बिघडली. ती सावरली आहे. नाही पटलं तर तोंडावर सांगा.”

त्यांनी कोट चढवला, आरशासमोर हात उचलले. बराच वेळ त्या डाव्या बाहीच्या वरच्या भागावर बोटं फिरवत राहिल्या.

“हे त्यांच्या मूळ बाहीचं, ना? मला वाटलं होतं, त्यांच्या बाह्या तर जाणारच.” मग त्यांनी कोपरं निरखली. “आणि जोड दोन्हीकडे?”

“एक चुकीमुळे, एक मुद्दाम.”

“छान दिसतायत.” त्यांनी वरचं बटण लावलं. “अगं, तुझा डबा वाजतोय.”

“वाजू दे. तुम्ही वळा पाहू, पाठ बघायची राहिली.”