तीन नंबरची बॅटरी

तो तीनचा आकडा मी अगरबत्तीच्या काडीने काढला. दुकानात ब्रश होता, पण काकांचा तीन बारीक रेषेचा, वरचं पोट लहान आणि खालचं मोठं. ब्रशने तसा आला नसता. काळी बॅटरी, पांढरा ऑइलपेंट. सुकेपर्यंत मी उकिडवा बसून फुंकर मारत होतो. इतकं मन लावून शाळेत मी काही गिरवलं असेल असं वाटत नाही. शाळाही आठवीपर्यंतचीच.

काका माझे नात्यातले कोणी नव्हेत. मुलुंडला ज्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या दुकानात मी काम करतो, तिथे ते एकदा भंगारातली बॅटरी मागायला आले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. शेठ म्हणाला, "काका, मेलेली बॅटरी नेऊन काय लोणचं घालणार?"

"उठवणार," काका म्हणाले.

शेठ हसला. मी बॅटरी रिक्षात ठेवून द्यायला गेलो, तेव्हा काकांनी मला विचारलं, "ह्यातल्या प्लेटी तुम्ही उघडून बघितल्यात कधी?" मी म्हटलं, शेकडो. "मग रविवारी या ना घरी. आम्हाला असा माणूस पाहिजेच आहे." मुंबईत सोळा वर्षं काढली होती मी तोवर. 'ए बॅटरीवाला' सोडून दुसरी हाक ऐकली नव्हती. मी घरी येऊन दोनदा दाढी केली.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बंद गॅलरीत ते चाक होतं. सायकलची रिंग उभी बसवलेली, कडेला चुंबकं चिकटवलेली, शेजारी तांब्याच्या तारेची जाड कॉइल. चाक फिरताना चुंबक कॉइलसमोरून गेलं की एक ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट चालू करायचा आणि लगेच तोडायचा. तोडला की कॉइल उलटा झटका देते. ते झटके एका डब्याएवढ्या कपॅसिटरमध्ये साठवायचे, आणि तो भरला की एकदम मेलेल्या बॅटरीत सोडायचे. टक्. थोडं थांबून परत टक्. साधा चार्जर सलाइन लावल्यासारखा बॅटरी भरतो. काकांचं म्हणणं, ह्या झटक्यांनी प्लेटींवर धरलेली पांढरी खपली सुटते आणि बॅटरी पुन्हा उभी राहते.

काकांबरोबर एक लॅबवाले सर असायचे. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी, वाकोल्याहून यायचे, येताना कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या मोटारींची तार घेऊन. जीभ तिखट. आणि आतल्या खोलीत काकू. त्यांची कंबरेखालची हालचाल दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्या हवेच्या गादीवर असायच्या, आणि त्या गादीचा पंप दिवसरात्र घुर्र करत एक पट्टा फुगवायचा, एक सोडायचा, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर. म्हणून काकांच्या घरी इन्व्हर्टरला फार मान होता.

वाचन घ्यायची काकांची एक रीत होती, टेलिफोन एक्स्चेंजमधली. एकाने मीटर बघून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तो परत म्हणत वहीत लिहायचा. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. पहिल्याच महिन्यात काकांनी मीटर माझ्या हातात दिला. "ह्याचा हात हलत नाही," सरांना म्हणाले. मी म्हणायचो, "बारा पूर्णांक सहा." काका म्हणायचे, "बारा पूर्णांक सहा," आणि लिहायचे. मी वाचलेलं परत कोणी बघायचं नाही. दोन शिकलेली माणसं माझ्या तोंडचा आकडा शाईने लिहून घेतायत, हे मी आईला फोनवर सांगितलं. मालवणकडे आमचं गाव. आई म्हणाली, "मोठ्या माणसांत बसतस, नीट रव हां."

आता जे सांगायचं ते असं, की त्या वहीत एक खोट होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. चाकावरून काढलेली बॅटरी मीटरला बारा-सहा, बारा-सात दाखवायची आणि दोघं खूश व्हायचे. दुकानात आम्ही नुसता मीटर लावून कधीच बॅटरी पास करत नाही. मेलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्या काढल्या झकास आकडा दाखवते. तिच्यावर मोठा बल्ब लावायचा आणि घड्याळ बघायचं. कितीला उतरली, किती वेळात उतरली, तेच खरं. हे शेठचा पोऱ्यासुद्धा सांगेल. मी सांगितलं नाही. पहिल्या रविवारी वाटलं, मी काय सांगणार ह्यांना. दुसऱ्या रविवारी वाटलं, मागच्याच वेळी का नाही सांगितलं म्हणतील. मग चहा यायचा, काकू आतून विचारायच्या, "उठली का रे तुमची पेशंट?" आणि मी म्हणायचो, "उठतेय काकू."

मग काकांनी घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी चाकावर घेतली. एक आणि दोन नंबर भंगारातल्या होत्या, ही तीन. तिची ताकद संपत आली होती. नवी बॅटरी त्यांनी माझ्याकडे सांगून ठेवली होती, मी दुकानात बाजूला काढलीही होती. पाच आठवडे तीन नंबर टक्-टक् झटके खात होती, मधे गरज लागली तर इन्व्हर्टरला दोन नंबर जोडून ठेवलेली. मीटर बारा-सातवर.

एका रविवारी सर म्हणाले, "आकडे पुरे झाले. आता लोड लावा. दोन तास शंभरचा बल्ब. टिकली तर मानलं."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "चालेल. पुढच्या रविवारी. नाही टिकली तर मी हे चाक भंगारात देतो. मुलगा परदेशातून ओरडतोच आहे, गॅलरी मोकळी करा म्हणून."

मी घरी जाताना पायरी चुकलो. दोन तास काय, तीन नंबर पंधरा मिनिटंसुद्धा ओढणार नाही हे मला माहीत होतं. चाक गेलं की रविवार गेला. मला कोण बोलावणार होतं मग? मग जे केलं ते काकांसाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते काकांसाठी नव्हतं.

त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एक वापरलेली पण धडधाकट बॅटरी दुकानात आली होती. मी काकांना म्हटलं, टर्मिनल गंजलीत, दुकानात नेऊन घासून आणतो. शुक्रवारी नेली तीन नंबर, शनिवारी आणली दुसरी, तीनच्या आकड्यासकट.

रविवारी बल्ब दोन तास पंचवीस मिनिटं जळला. शेवटी सरांनीच बंद केला. म्हणाले, "बास यार, डोळे दुखले. मानलं!" काका खुर्चीवरून उठून आत गेले आणि काकूंना सगळं दोनदा सांगून आले. ते स्वतः खाली जाऊन पेढे घेऊन आले. पहिला मला दिला. मी खाल्ला.

"आता नवी बॅटरी कॅन्सल," काका म्हणाले. "आपली उठवलेलीच लावू इन्व्हर्टरला."

तिथे बोलायला हवं होतं. ती बॅटरी दुकानाची होती, सोमवारी शेठला दाखवावी लागणार होती. मी एवढंच म्हटलं, "काका, थोडे दिवस नवी असू दे ना बाजूला."

"बघा, दुकानाची बाजू घेतोय!" सर म्हणाले आणि सगळे हसले. मीपण हसलो.

सोमवारी पाणी भरायचं निमित्त करून मी बॅटरी नेली आणि खरी तीन नंबर परत आणून माझ्या हाताने इन्व्हर्टरला जोडली. नट घट्ट केले. दोनदा तपासले. मला सगळं दोनदा तपासायची सवय आहे, खोलीचं कुलूप, गॅसचं बटण. तेही दोनदा तपासलं. वाटलं, मुलुंडला कुठे वीज जाते आजकाल. महिन्याभरात काहीतरी सांगून बदलू.

अकराव्या दिवशी दुपारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. काकांचा फोन आला. "अरे, इन्व्हर्टर बंद पडला. वीस मिनिटंसुद्धा नाही चालला. काय झालं असेल रे?" आवाज शांत होता, आणि मागे पंपाचा आवाज नव्हता.

बाजूला काढलेली नवी बॅटरी तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली होती. शेठच्या हातापाया पडून गोडाऊनमधून दुसरी काढवली, त्यात तास गेला. रिक्षातून नेली तर लिफ्ट बंद. पन्नास किलोच्या वरचं धूड, रिक्षावाला आणि मी तीन मजले एकेक पायरी टेकवत. काकूंची गादी सपाट झाली होती, खालच्या फळीला टेकली होती. त्या एका कुशीवर होत्या. काका शेजारी बसून त्यांना वारा घालत होते, वाचनांच्या वहीने.

नवी बॅटरी जोडली. घुर्र सुरू झालं. गादीचे पट्टे एकेक करून फुगायला लागले. काकांनी काकूंना हलकेच वळवलं तेव्हा पाठीवर, माकडहाडापाशी, तळहाताएवढा लाल चट्टा दिसला.

"फुगली रे," काकू मला म्हणाल्या. "घाम पूस आधी. केवढा धापतोयस."

काका माझ्याबरोबर दारापर्यंत आले. "माझी चूक," म्हणाले. "प्रयोगाची वस्तू हिच्या गादीला लावायला नको होती." मी चपला घातल्या. जिना उतरलो. खाली रिक्षावाल्याला थँक्यू म्हटलं आणि दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत काम केलं.

रविवारी जाऊ की नको करत गेलो. गॅलरीत काका जमिनीवर बसून कॉइल सोडवत होते. साडेनऊशे वेढे त्यांनी हाताने घातले होते, त्याला तीन आठवडे लागले होते. चष्मा नाकावर, आणि एकेक वेढा मोजत काढत होते. "वाचनं बरोबर होती, बल्बपण टिकला," सरांना सांगत होते. "म्हणजे दोष कॉइलमध्येच. परत गुंडाळतो, नीट."

"काका, नका सोडवू," मी म्हटलं.

"का रे?"

"कॉइल बरोबर आहे. बल्बाला लावलेली बॅटरी ती नव्हती."

सर म्हणाले, "म्हणजे?"

"दुकानातली होती. तीन मी रंगवला."

काकांच्या हातातली तार सैल होऊन जमिनीवर उलगडली. सर म्हणाले, "वा! म्हणजे त्या दिवशी पेढे आम्ही तुझ्या शेठच्या बॅटरीचे खाल्ले." कोणी हसलं नाही. सरसुद्धा.

काकांनी वही ओढली. "बदलली कधी?"

"शनिवारी. परत आणली सोमवारी."

त्यांनी लिहिलं. दोन तास पंचवीस मिनिटांवर एक सरळ रेघ मारली, पट्टी लावून. मग विचारलं, "आणि त्याच्या आधीची वाचनं? तू वाचलेली?"

"ती खरी आहेत काका."

"सगळी?"

"सगळी."

"हो, पण आता ते मला कसं कळणार?" ते रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते. त्यांना त्याचं उत्तर पाहिजे होतं. मग बल्बाचं, घड्याळाचं, दुकानात आम्ही कशी बॅटरी तपासतो ते, जे पहिल्या रविवारी सांगायचं ते सांगितलं. काका ऐकत होते. म्हणाले, "हे तुला माहीत होतं. म्हणूनच तर तुला बोलावलं होतं रे."

मी आत काकूंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. म्हणाल्या, "चट्टा गेला, बघायचा तर बघ. आणि इथे रडू नको, गादी ओली झाली तर ह्यांना परत काहीतरी प्रयोग सुचायचा." मी बाहेर येऊन चहा टाकला. नेहमी मीच टाकायचो. तिघांनी प्यायला, चौथा कप काकांनी आत काकूंना नेऊन दिला.

पुढचे दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "येतोयस ना? सरांना चष्म्याशिवाय मीटर दिसत नाही, आणि चष्मा ते वाकोल्याला विसरतात." मला माहीत आहे सरांचा चष्मा गळ्यात दोरीला असतो.

मी गेलो. चाक होतं. गुंडाळलेली कॉइल होती. तीन नंबरला आता पहिल्यापासून बल्ब लावून तपासतात, माझ्या पद्धतीने, घड्याळ समोर ठेवून. मीटर काकांनी माझ्याच हातात दिला. "दहा पूर्णांक आठ," मी म्हटलं. काकांनी पेन उचललं नाही. सर पुढे वाकले, गळ्यातला चष्मा डोळ्याला लावला, मीटर बघितला आणि म्हणाले, "दहा पूर्णांक आठ." तेव्हा काकांनी लिहिलं. वहीत त्यांनी नवा रकाना आखला आहे. आता प्रत्येक आकड्यापुढे माझी सही, आणि तिच्याशेजारी सरांची.

कोणी मला काही म्हणत नाही. चहा मीच टाकतो. काकू विचारतात, "उठली का रे?" मी म्हणतो, "नाही काकू, अकरा मिनिटांत झोपली." त्या म्हणतात, "झोपू दे बिचारीला."

आईला त्या पेढ्याचं मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. तिने गावात चार घरी सांगितलं, माझ्या झिलाने मेलेली बॅटरी उठवली. अजून ती विचारते, काकांचं कसं चाललंय. मी सांगतो, बरं चाललंय. रकान्याचं सांगितलेलं नाही. सांगायला बसतो आणि जेवलीस काय विचारतो.