अक्काताईचं आधण

शाहू महाराजांचं राज्य होतं, शाहूपुरीत गुळाची पेठ नुकती कुठं भरायला लागली होती, त्या वक्ताची ही बाई. कोल्हापुरात जैनांची घरं काय थोडी होती? पण पाणी गाळावं तर अक्काताईनंच, असं सगळी गल्ली म्हणायची. आडातलं पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं आणि फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच आडात अलगद सोडायचे. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. केरसुणी अशी हलकी फिरवायची की मुंगीलासुद्धा वाटेल, वारा आला. बाई तशी तोंडानं फाटकी होती, रागाला चढली की भिंतीपलीकडं ऐकू जायचं. पण जिवाला जपणारी म्हणून तिचं नाव होतं आणि त्या नावाचा तिला भलताच अभिमान होता. असा अभिमान वाईट बघा. तो कधी खाली बसू देत नाही.

तिच्या घरातला सगळ्यांत कडक नेम गरम पाण्याचा. उकळतं पाणी भुईवर ओतायचं नाही, भुईत किडामुंगी असते. आधी परातीत काढायचं, गार होऊ द्यायचं, बोट बुडवून बघायचं, मगच केळीच्या बुडाशी ओतायचं. मुलाचं, आप्पासोचं लग्न झालं आणि शिरोळची त्रिशला सून म्हणून घरात आली, तेव्हा अक्काताईनं तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पोर गुणी. सासूला 'आत्ती' म्हणायची आणि सांगितलेलं काळजावर कोरून ठेवायची.

घरामागं परडं होतं. एक शेवगा, चार केळी, धुण्याचा दगड. फाल्गुनात शेवगा फुलला की इवलीशी शिंजीर पाखरं मध प्यायला फुलाफुलाला लटकायची. चैत्रात कोकिळ पहाटेपासून कान किटवायचा. भिंतीच्या भोकात साळुंक्यांची जोडी दरसाल घरटं करायची आणि अक्काताई दुपारचं भांडं घासायच्या आधी त्यांना चार शितं टाकायची. त्रिशलाला त्या साळुंक्यांचा फार लळा. त्या साली तिलाही दिवस गेले होते. भोकातनं पिल्लांची चोच दिसली की ती हळूच पदराआड पोटावर हात ठेवायची.

भिंतीपलीकडं हुसेनबी राहायची. बाळंतपणं करण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. तिच्या कोंबड्या मात्र अक्काताईच्या परड्यात यायच्या आणि त्यावरनं रोज वाजायचं.

"हुसेनबी, तुझी कोंबडी बांधून ठेव!"

"कोंबडी काय म्हस हाय व्हय गं बांधायला?" पलीकडनं उत्तर यायचं, आणि मग दोघीही हसायच्या.

वैशाखातली गोष्ट. परड्यात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. सकाळपासनं अक्काताई चुलीपुढं भाजून निघाली होती, दुसऱ्या घाण्यासाठी आधण खळखळत होतं. बाहेर बघते तर काय, तांबडी कोंबडी बाजेवर चढून कुरडया पायानं उधळतेय! तळपायाची आग मस्तकाला गेली. हाताशी आलं ते उचललं, उकळत्या पाण्यानं भरलेला तांब्या, आणि भिरकावलं पाणी. कोंबडी कलकलत भिंतीवर चढली. पाणी पडलं धुण्याच्या दगडापाशी. तिथं साळुंकी शितं टिपत होती.

तिचा तो आवाज! फडफडत ती केळीच्या पानात शिरली. अक्काताई जाग्यावर थिजली. जाऊन बघावं, उचलावं, गार पाणी घालावं. यातलं काही केलं नाही तिनं. उडून जाईल आपली, असं स्वतःला म्हणाली आणि घरात येऊन चुलीपुढं बसली.

जरा वेळानं त्रिशला परात घेऊन परड्यात गेली. परातीत सकाळची पेज गार करायला ठेवलेली. तिनं ती केळीच्या बुडाशी ओतली आणि पान बाजूला करून बघितलं. मग तिची किंकाळीच आली.

"आत्ती! माझ्या हातनं मेली! पेज गार झालीच नव्हती. मी बोट घालून बघितलंच न्हाय ओ!"

अक्काताईनं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला होता, खरंच आला होता. तेवढ्यात हुसेनबी भिंतीवरनं डोकावली, समोरच्या घरातली बायडाबाई धावत आली, आणि अक्काताईच्या तोंडातनं निघालं, "असू दे पोरी. चुकतंय माणूस."

चुकतंय माणूस! कुणाचं चुकलं आणि कुणाला माफी. पण बोलून गेली ती.

उरलेला साळुंका एकटाच दिवसभर किडे आणून घालत होता. भोकातला चिवचिवाट मात्र हळूहळू कमी होत गेला आणि एका सकाळी थांबला. त्या सकाळी त्रिशला बस्तीत, जैनांच्या देवळात, गेली आणि देवापुढं तिनं दूध, दही, तूप, गूळ सोडला. भाद्रपदातलं उपासतापासाचं पर्व संपेपर्यंत तोंडात घालणार नाही म्हणाली.

"अगं, पोटुशी हाईस तू," अक्काताई कळवळली. "पोटुशीला असलं व्रत नसतंय."

"पापाला पोट दिसतंय व्हय, आत्ती?"

बस्तीतल्या बायकांनी तर कौतुक मांडलं. "अक्काताईची सून ती! घरचं वळणच तसं हाय." प्रत्येक कौतुकासरशी अक्काताईची मान खाली जात होती आणि बायकांना वाटत होतं, किती विनय बाईला! आता सांगितलं तर काय राहील आपलं? गल्ली तोंडात शेण घालील. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं मूग गिळले ते गिळलेच.

मृग लागला, पावशा ओरडायला लागला. घरात आप्पासोनं पेठेतनं आणलेली गुळाची ढेप होती, दारात म्हस दुभत होती, आणि सून कोरडी भाकरी अन् बिनफोडणीचं वरण खात होती. अक्काताई तिच्या ताटाकडं बघायची नाही. जेवताना ताकाचा घोट घशाखाली उतरायचा नाही तिच्याही. चांगलंच झालं, नाही उतरला तेच बरं, असं म्हणायची मनात.

आषाढात झडीच्या दिवशी त्रिशलाचं पोट पडलं. हुसेनबी भिजत आली, केलं तेवढं केलं. निघताना ती अक्काताईला न्हाणीपाशी घेऊन गेली.

"अक्का, अंगात रगत न्हाय पोरीच्या. दूध-तूप घाल तिला."

"ती न्हाय घेत."

"तू सांग की! तुझा शब्द मोडती व्हय ती?"

"दुधानं टिकलं असतं का गं ते?" अक्काताईनं हळूच विचारलं.

"ते अल्लालाच ठावं," हुसेनबी म्हणाली. "अशी पोटं दूध पिणाऱ्या बायकांचीबी पडत्यात."

हुसेनबी धीर द्यायला बोलली. पण अक्काताईच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं, कारण 'नाही' असं काही ती म्हणाली नव्हती. आणि त्रिशला? ती रडली नाही. आप्पासो रडला, अक्काताई पदर तोंडात कोंबून रडली. ती पोर भिंतीतल्या त्या भोकाकडं बघत बसून राहिली.

श्रावण गेला. झुडपांत बुलबुलांची पिल्लं उडायला शिकली. भाद्रपदातलं पर्व पार पडलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची ह्या दिवशी क्षमा मागायची. बस्तीला निघताना त्रिशला अक्काताईच्या पाया पडली.

"आत्ती, माझ्या हातनं घरात पाप झालं. क्षमा करा. मी आज दूध, दही, तूप, गूळ, चारी रस जल्मभर सोडणार हाय. तिची पिल्लं मी पोरकी केली, म्हणून माझी कूस रिती झाली."

अक्काताईच्या हातातनं फुलांची दुरडी निसटली. फुलं तशीच टाकून ती सुनेमागोमाग निघाली. बस्तीत बायका जमल्या होत्या. त्रिशला देवापुढं उभी राहिली, हात जोडले, आणि अक्काताईनं ते जोडलेले हात धरून खाली ओढले.

"हिनं न्हाय मारलं. आधण मी फेकलं. कोंबडीवर रागानं फेकलं, साळुंकीवर पडलं. हिची पेज गार हुती. मला ठावं हुतं. पयल्यापासनं ठावं हुतं."

एवढंच. बायडाबाईनं "अगं बया!" म्हणून तोंडाला हात लावला. कुणीतरी मागं सरलं. ज्या नावासाठी एवढं केलं ते गेलं, आणि अक्काताईला त्याचं काही वाटेना. ती फक्त सुनेच्या तोंडाकडं बघत होती. त्या तोंडावर काहीच नव्हतं.

घरी आल्यावर त्रिशला थेट परड्यात गेली आणि धुण्याच्या दगडावर बसली. अक्काताईनं दूध तापवलं, गूळ घातला, सवयीनं बोट बुडवून बघितलं आणि वाटी घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. गल्लीभर दारादारात बायका एकमेकींची क्षमा मागत होत्या. अक्काताईच्या तोंडून तो शब्द निघेना. कुठल्या तोंडानं मागावी?

त्रिशलानं वाटीकडं बघितलं नाही.

"आत्ती, पोर गेलं तवा मी रडले न्हाय. बघितलंसा न्हवं तुमी?"

"बघितलं."

"मला वाटलं, जिनं दुसरीची पिल्लं मारली, तिला आपल्यासाठी रडायचा हक न्हाय. म्हणून दात आवळून बसले. तुमाला ठावं हुतं, आणि तुमी मला रडूसुदिक दिलं न्हाय."

आणि मग ती रडली. आषाढापासनं कोंडलेलं सगळं बाहेर आलं, मोठ्यानं, आईच्या घरी रडावं तसं. आवाज ऐकून हुसेनबी दारातनं वळसा घालून धावत आली आणि तिनं पोरीला छातीशी घेतलं. त्रिशला तिला घट्ट बिलगली.

अक्काताई वाटी घेऊन तिथंच उभी होती. दूध पार गार झालं, वर साय धरली. दोन पावलांवर सून रडत होती आणि तिला हात लावायचा धीर काही अक्काताईला झाला नाही.