हळदीच्या दिवसांतली अमेरिकेची यादवी

लग्न होऊन कुंडलला आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. नवरा सैन्यात. लग्नाची सुट्टी संपवून काश्मीरला परत जाताना तो आईला एवढंच म्हणाला, "हिची परीक्षा तेवढी हुंदे." सासूबाईंनी मान डोलावली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांनी एकदा मान डोलावली की तो विषय तिथंच मिटायचा.

परीक्षा बाहेरून द्यायची, सांगलीला, आणि ती नेमकी हळदीच्या दिवसांत आली. रानात मोठ्या कायलीत हळद शिजायची, मग ती पसरून वाळवायची, निवडायची. कामाला अंत नव्हता. थोरले दीर दिवसभर साखर कारखान्यावर असायचे, त्यामुळे सगळा भार सासू-सासरे, थोरल्या जाऊबाई आणि माझ्यावर. मी पुस्तक उघडलं की माझ्या वाटणीचं काम जाऊबाईंकडं सरकायचं. "एकीनं वाचायचं आन् एकीनं वाळवायचं, ह्यो कुठला न्याय?" त्या मला ऐकू जाईल असं म्हणायच्या. त्यांचं चूक नव्हतं.

सासूबाईंनी तोड काढली. "पुस्तक रानातच आण. हात चालू दे आन् मोठ्यानं वाच."

मग बाभळीखाली बसून हळकुंडं निवडता निवडता मी अमेरिकेचा इतिहास वाचू लागले. मांडीवर पुस्तक, पान उलटलं की त्याला पिवळी बोटं लागायची. एका दुपारी यादवी युद्धाचं प्रकरण आलं.

"यादवी म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं.

"एकाच देशातली माणसं, आत्ती, आपसात लढली. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची." सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे.

"म्हंजी भावकी की."

दोन्ही पक्षांच्या जमेच्या आणि पडत्या बाजू पाठ करायच्या होत्या. उत्तरेकडं माणसं जास्त, कारखाने, रेल्वे, जहाजं. दक्षिणेकडं कसलेले सेनापती, पटाईत घोडेस्वार, आणि लढाई आपल्याच मुलखात. सासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. ते कायलीखाली जाळ सारत होते, तिथूनच म्हणाले, "संपलं की मग! रेल्वे वरल्यांची. आमी फुडं सरकायच्या आधी मागनं राशन आलं का, ते बघायचो."

"आवं, पर खालली आपल्या रानात उभी ऱ्हाऊन लढत्यात," सासूबाई म्हणाल्या. "त्यास्नी वाटा ठावं, हिरी ठावं. परक्याला काय कळतंय?"

"आन् पीक कुणाचं तुडिवलं जातंय? त्यांचंच की."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. मग मला म्हणाल्या, "खालली पिकवत्यात काय?"

"कापूस. लय कापूस."

"कापूस खात्यात व्हय?"

सासरे एवढे हसले, की धूर छातीत जाऊन त्यांना ठसका लागला. तेव्हापासून रोज दुपारी हे चालायचं. सासरे उत्तरेचे, सासूबाई दक्षिणेच्या. मला पाठ करावं लागलंच नाही.

पण एक दिवस मी वाचलं, की मालक लढाईवर गेले तरी शेतं गुलाम कसत राहिले, ही दक्षिणेची जमेची बाजू होती. सासूबाईंचा हात थांबला.

"इकत आणल्याली माणसं?"

"व्हय."

"त्यांची लेकरंबी इकायची?"

"व्हय, आत्ती."

त्यांनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "मग ती माणसं ह्यांच्या बाजूनं कशी असतील गं? वाट गावली की पळून पल्याड जातील." पुढच्या पानावर तेच होतं. हजारो जण पळून उत्तरेच्या फौजेत गेले होते. मी ते वाचून दाखवलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी दक्षिणेची बाजू सोडली ती सोडलीच.

परीक्षा जवळ आल्यावर त्यांनी मला रानातून घरी धाडलं आणि माझ्या जागी स्वतः कायलीच्या वाफेत उभ्या राहिल्या. जाऊबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. ताट वाढायच्या, पण मुकाट्यानं.

सांगलीत मी आणि सासरे आमची हळद घेणाऱ्या जैन व्यापाऱ्याच्या घरी उतरलो. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. घरातल्या बाई माझं ताट आधी वाढायच्या, म्हणजे मला लगेच वाचायला बसता यावं. सासरे रोज माझ्याबरोबर यायचे आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून राहायचे. इतिहासाच्या पेपरात दक्षिणेच्या पराभवाची कारणं विचारली होती. मला हसू आवरेना. कापूस, रेल्वे, तुडवलेली पिकं, पळून गेलेली माणसं, बाभळीखाली निघालं तसं लिहीत गेले.

परत आले तेव्हा जाऊबाई अंगणात आपल्या धाकट्या पोराला न्हाऊ घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मग जितलं कोण?"

मला वाटलं, त्या परीक्षेचं विचारताहेत. "पेपर बरे गेले."

"त्ये न्हाई गं. तुझी ती भावकी. वरली जितली का खालली?"

हळदीच्या पाट्या डोक्यावर घेऊन ये-जा करताना त्यांनी सगळं तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं, शेवट तेवढा राहिला होता. मी तिथंच दगडावर टेकले आणि सांगितलं. वरली जिंकली, गुलाम सुटले, खालच्यांची गावं जळाली. त्या ओलं पोर मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या. "लय हाल झालं असतील बायकांचं," म्हणाल्या, आणि पुढं, "फुडच्या बारीला वाचताना मलाबी हाक मारत जा. कामाचं बघू."

मी दुसऱ्या वर्गात बी.ए. पास झाले. पुढं शेजारच्या गावच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली, तेव्हा माझी मुलगी अजून पाळण्यात होती. पहिल्या दिवशी मी लेकीला घेऊन उंबऱ्यात घुटमळत उभी होते. जाऊबाईंनी तिला माझ्या हातातून काढून कडेवर घेतलं. "जा आता," त्या म्हणाल्या, "घंटा हुईल."