पहिल्या तुकडीतली जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तासगावात चाळीस वर्षं बेदाण्याचा व्यापार केला. बाजारात सगळे म्हणतात, या म्हाताऱ्याच्या पोटात काही राहत नाही, मनात येईल ते तोंडावर बोलतो. हे मात्र राहिलं — पन्नासहून जास्त वर्षं. कुठून सुरू करू?

लढाईपासूनच करतो. सीमेपलीकडे टेकडीच्या माथ्यावर एक गाव होतं. दगडी घरं, सपाट धाबी, भोवती छातीएवढी भिंत. शत्रूनं घराघरात मोर्चेबंदी केली होती, खिडक्यांतून मशिनगन लावल्या होत्या. वर जायला एकच वाट. आधीचे दोन हल्ले माघारी आले होते, तिसरा आमचा. पहिली तुकडी भिंत फोडून आत घुसणार, बाकीचे मागून दारूगोळा पुरवणार. आदल्या दुपारी हवालदार कदमांनी नावं वाचली. पहिल्या तुकडीत मी होतो.

हे कदम औंधाकडचे. त्यांच्यावर माझा राग होता — होता कशाला म्हणू, अजून आहे. माझी नाईकची फीत, म्हणजे बढती, त्यांनीच अडवली. म्हणाले, "लय चलाख हायस तू. चलाख मानसाच्या मागं पोरं जात न्हाईत." आजही आठवलं की डोकं तापतं.

शंकर माझ्याच आळीतला. त्याला मागच्या तुकडीत ठेवलं होतं; तसं त्यानं लगेच घरी पत्रही टाकलं होतं. त्याला मुलगा झाला होता, दोन महिन्यांचा, अजून बघितलेला नव्हता. आणि सुट्टीच्या यादीत पहिला नंबर माझा होता, त्याचा बराच खाली. मी काय केलं? त्याच्या शेजारी बसलो. पोराची चौकशी केली. कुणावर गेलाय, हसतो का, विचारलं. मग माझ्या सुट्टीचं बोललो — आणि गप्प बसलो. पुढे व्यापारात हेच केलं मी. आपण मागायचं नाही, समोरच्याला मागू द्यायचं.

"तुजी सुट्टी मला दे की गड्या."

"आनि मला काय?"

तो हसला. "व्यापारी हायस लेका! काय पायजे?"

मी म्हणालो, "तुजी मागची जागा."

आम्ही दोघं कदमांकडे गेलो. त्यांनी शंकरकडे बराच वेळ बघितलं, दोनदा विचारलं आणि हो म्हणाले.

पहाटे हल्ला झाला. गाव दुपारी हातात आलं — घर-घर करत, भिंत-भिंत करत. शंकर भिंतीच्या भगदाडातच पडला होता. मी पेट्या घेऊन वर पोचलो तेव्हा त्याच्यावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. मी ती वर करून बघितली नाही.

सुट्टी मग मीच घेतली.

आमच्याकडे घरोघरी फौजेतला माणूस. तारेत चार शब्द असतात. कसं झालं ते सुट्टीवर आलेला जवान सांगतो, आणि तो सांगेल तेच घर जन्मभर धरून बसतं. शंकरच्या आईनं विचारलं, "पत्रात तर लिवलं हुतं, मागं काम हाय म्हनून. मग म्होरं कसा गेला रं?"

मी म्हणालो, "कदम हवालदारांनी धाडला."

घाबरलो होतो म्हणून? फितीच्या रागापायी? दोन्ही असेल. पण ते नाव शोधावं लागलं नाही — जिभेवर तयारच होतं.

काही वर्षांनी कदम निवृत्त होऊन तिला भेटायला आले. लंगडत आले, त्याच भगदाडापाशी त्यांच्या मांडीत गोळी घुसली होती. म्हातारी उंबऱ्यात उभी राहिली. "माझ्या लेकाला म्होरं घातलासा, आनि आता तोंड दावायला आलासा व्हय? या घरात तुमास्नी पानी न्हाई."

मी आत बसलो होतो. हातात चहाची बशी होती. कदमांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. हात जोडून ते म्हणाले, "चुकलं आई," आणि निघाले.

मी एस.टी.च्या थांब्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. माफी मागायला? नाही. भांडायला. "अदलाबदलीला तुमीच हो म्हनलासा न्हवं?" असं ओरडलो.

"म्हनलो की," ते म्हणाले. "पन त्या माउलीला काय सांगू? सुट्टीपायी पोरानं जागा बदलली म्हनून? जा घरला. मी न्हाई बोलनार."

ते कधीच बोलले नाहीत. मला त्या दिवशी लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

म्हातारी तेच धरून गेली. गेल्या श्रावणात कदमही गेले. शंकरच्या त्या मुलाचं, दिलीपचं, कुपवाडला वर्कशॉप आहे. त्याचा फोन आला. "काका, ते औंधाकडचे हवालदार वारले म्हणे. मातीला जायचं का? काही झालं तरी बाबांच्या बरोबरीनं लढलेला माणूस. मी गाडी काढतो."

खरं सांगणं इतक्या वर्षांत एवढं सोपं कुणी करून दिलं नव्हतं. आणि मी काय बोललो?

"तुज्या बापाला मरायला धाडलं त्यानं. त्याच्या मातीला जानार तू?"

तो म्हणाला, "राहिलं मग."

तो गेला नाही. टेकडीवरच्या त्या गावाखाली मी तेवीस वर्षांचा होतो, आणि समोर मशिनगन होती. गेल्या श्रावणात मी माझ्या दुकानात बसलो होतो.